सहकारी बँकांचा नवा पत्ता सभासदांपर्यंत पोहोचू द्या

मा. संपादक महोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

रिझर्व्ह बँकेने २२ एप्रिल २०२५ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार देशातील बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे '.बँक.इन' (.bank.in) या राखीव डोमेनवर, म्हणजे बँकांसाठी राखून ठेवलेल्या इंटरनेट-पत्त्याच्या शेवटावर, न्यावयाची होती. व्यापारी बँकांबरोबरच नागरी सहकारी बँका, राज्य सहकारी बँका आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका यांनाही हा आदेश लागू होता, त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातील आपल्या बँकाही त्यात आल्या. मुदत उलटून गेली आहे. स्टेट बँकेसारख्या मोठ्या बँकांचे पत्ते बदललेले आता सर्वांना दिसतात. परंतु हा बदल कशासाठी झाला, त्यातून खातेदाराने नेमके काय ओळखायला शिकावे आणि पत्ता बदलल्यावर बँकेची कोणती कामे शिल्लक राहतात, याविषयी आपल्याकडील सहकारी बँकांच्या सूचनाफलकांवर निदान माझ्या वाचनात तरी काही आलेले नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

'.कॉम'सारखे डोमेन कोणीही, जगाच्या पाठीवर कोठूनही, काही मिनिटांत आणि काही शे रुपयांत विकत घेऊ शकतो; घेणारा बँक आहे की भामटा, हे विकणारा विचारत नाही. रस्त्यावरच्या दुकानाला हवे ते नाव लिहून पाटी रंगवून घ्यावी, तसाच हा प्रकार आहे. '.बँक.इन' मात्र रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेलाच मिळते. ते देण्याचा अधिकार हैदराबादच्या 'इन्स्टिट्यूट फॉर डेव्हलपमेंट अँड रिसर्च इन बँकिंग टेक्नॉलॉजी' या एकाच संस्थेकडे ठेवण्यात आला आहे. ही संस्था रिझर्व्ह बँकेनेच १९९६ साली स्थापन केलेली आहे. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी ७ फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरण निवेदनात या डोमेनची घोषणा केली, तेव्हा वाढती डिजिटल फसवणूक हेच कारण त्यांनी पुढे ठेवले होते.

कल्पना नवी नाही. अमेरिकेत '.बँक' हे डोमेन २०१५ पासून उपलब्ध आहे. ते सांभाळणारी संस्था बँकिंग आणि विमा क्षेत्रातील संघटनांच्या पुढाकाराने उभी राहिली. अर्जदार खरोखर बँक आहे का, हे तपासल्याखेरीज ती नाव देत नाही, आणि दिल्यानंतरही काही तांत्रिक अटी पाळाव्याच लागतात. तेथील गावोगावच्या कम्युनिटी बँकांनी हे डोमेन सक्ती नसताना घेतले, याचे मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. मोठ्या बँकेचे नाव एकच असते आणि ते सर्वांना पाठ असते. लहान बँकांची नावे मात्र एकमेकींसारखी असतात. तेथे 'फर्स्ट नॅशनल' नावाच्या बँका गावोगाव आढळतात, आणि आपल्याकडे महालक्ष्मी, बसवेश्वर, जनता, शिवाजी या नावांच्या संस्था प्रत्येक तालुक्यात सापडतात.

आपल्या भागात तर नावाचा आणखी एक घोळ आहे. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचे अधिकृत नाव 'बेळगावी' असे बदलले आणि रोमन लिपीतील स्पेलिंगही बदलले. जुन्या संस्थांच्या नोंदणीत ब्रिटिश काळातले स्पेलिंग, नव्या कागदपत्रांत दुसरे, त्यात 'को-ऑप' हा शब्द कोणी पूर्ण लिहितो, कोणी तोडून लिहितो, कोणी मध्ये आडवी रेघ घालतो आणि कोणी गाळूनच टाकतो. एकाच बँकेच्या नावाचे अशा रीतीने आठ-दहा खरे वाटणारे पत्ते सहज तयार होतात. त्यातला एक बँकेने घेतला, तरी उरलेले बाजारात विक्रीला मोकळे राहतात. ते सगळे विकत घेऊन ठेवणे लहान बँकेला परवडणारे नाही, आणि तसे करण्यात अर्थही नाही, कारण स्पेलिंगच्या शक्यता संपत नाहीत. राखीव डोमेनचा खरा उपयोग येथे होतो. नाव कसेही लिहिलेले असो, शेवटी 'बँक.इन' नसेल तर ते आपले नव्हे, एवढे एकच वाक्य खातेदाराच्या मनात बसले की स्पेलिंगचा सारा घोळ निष्प्रभ होतो.

मात्र 'शेवटी' म्हणजे कोठे, हे समजावून सांगितले पाहिजे, आणि नेमके तेच कोणी सांगत नाही. समजा, 'अबक' नावाची बँक आहे. 'अबक.बँक.इन' हा तिचा खरा पत्ता झाला. 'अबकबँक.इन' यात 'बँक'च्या आधी टिंब नाही, म्हणजे ते साधे '.इन' डोमेन आहे आणि ते कोणीही घेतलेले असू शकते. 'अबक-बँक-इन.कॉम' हे उघडच परके आहे. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे 'अबक.बँक.इन.केवायसी-अपडेट.कॉम'. यात सुरुवातीला खरा पत्ता जसाच्या तसा दिसतो, मोबाइलच्या अरुंद पडद्यावर पुढचा भाग कापला जातो आणि माणूस निर्धास्त होऊन आत शिरतो. म्हणून पत्ता डावीकडून वाचण्याची आपली सवय येथे बाजूला ठेवावी. सुरुवातीचे 'https://' सोडून त्यानंतरची पहिली तिरकी रेघ जेथे येते तेथपर्यंत (रेघ नसेल तर पत्त्याच्या टोकापर्यंत) जाऊन मागे वळावे आणि तेथून लगेच अलीकडे '.बँक.इन' आहे का, ते पाहावे. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबणेही आता सोडले पाहिजे. संगणक आणि संकेतस्थळ यांच्यातील मजकूर वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढीच हमी ते कुलूप देत होते. पलीकडे बसलेला कोण आहे, हे त्यातून कळत नव्हते. त्या कुलपासाठी लागणारे डिजिटल प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळते. या गैरसमजामुळेच गूगलने २०२३ साली क्रोम ब्राउझरमधून कुलपाचे चिन्ह काढून टाकले.

गेल्या पावसाळ्यात शहरातील एका सहकारी बँकेच्या शाखेत पासबुक छापून घेण्याच्या रांगेत उभा असताना पाहिलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. खानापूरकडील एका वयस्क गृहस्थाने खिशातून मोबाइल काढून काचेपलीकडच्या कर्मचाऱ्यापुढे धरला. केवायसी न केल्यास आज रात्री खाते बंद होईल, असा संदेश होता आणि खाली निळ्या अक्षरांत दुवा होता. "ही आपल्याच बँकेची न्हवं काय ओ?" असे त्यांनी विचारले. "आपली नव्हे मामा, हात लावू नका," असे कर्मचारी तत्काळ म्हणाला, आणि ते योग्यच झाले. त्यावर मामांचा पुढचा प्रश्न आला, "मग आपली कुठली?" कर्मचाऱ्याने पासबुक उलटे करून पाहिले. मागच्या बाजूला जुना '.कॉम' पत्ता छापलेला होता, त्याखाली फुकटच्या ईमेल सेवेवरचा एक पत्ता होता, आणि कोपऱ्यात शाखेचा मोबाइल क्रमांक रबरी शिक्क्याने उमटवलेला होता. नवा पत्ता त्यालाही आठवेना. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी तो सांगितला, पण तोवर मामांची पाळी संपून मागचा माणूस पुढे सरकला होता.

पासबुकावरचा तो ईमेल पत्ता मला '.कॉम'पेक्षा अधिक गंभीर वाटतो. संकेतस्थळ नव्या डोमेनवर गेले, पण शाखाधिकारी, कर्ज विभाग आणि संचालक मंडळाचा पत्रव्यवहार फुकटच्या ईमेलवरूनच चालू राहिला, तर बदलाचा निम्मा लाभ वाया गेला असे समजावे. बँकेच्या नावापुढे 'लोन' किंवा 'मॅनेजर' जोडून तसाच फुकटचा पत्ता उघडायला कोणालाही वेळ लागत नाही, आणि खरा कोणता व खोटा कोणता हे ठरवण्याचे कोणतेही साधन घेणाऱ्याजवळ नसते. स्वतःच्या डोमेनवरून ईमेल पाठवणाऱ्या बँकेला मात्र तीन व्यवस्था लावता येतात. एसपीएफ ही व्यवस्था कोणत्या सर्व्हरना बँकेच्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा आहे ते जाहीर करते, डीकिम प्रत्येक पत्रावर तपासता येणारी सही करते, आणि या दोन्ही कसोट्यांत न उतरणाऱ्या पत्राचे काय करायचे, हे डीमार्क ठरवते. नुसती नोंद ठेवावी, संशयित म्हणून बाजूला टाकावे की सरळ परत लावावे, अशा तीन पायऱ्या डीमार्कमध्ये आहेत. पुष्कळ संस्था पहिल्या पायरीवर थांबतात आणि 'डीमार्क केले' असे अहवालात लिहून मोकळ्या होतात. खोटी पत्रे खरोखर अडतात ती शेवटच्या पायरीवर. बँकेचे स्वतःचे ईमेल डोमेन आणि डीमार्क यांची अपेक्षा रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठीच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या सायबर सुरक्षा परिपत्रकातच नमूद केलेली आहे, तेव्हा हे काही आज अचानक डोक्यावर येऊन पडलेले ओझे नव्हे.

"आमच्या संकेतस्थळावर संचालकांचे फोटो आणि ठेवींचे व्याजदर याखेरीज काही नाही, इंटरनेट बँकिंगही नाही, मग आमची नक्कल करून कोणाला काय मिळणार?" असा युक्तिवाद मी एकाहून अधिक संचालकांच्या तोंडून ऐकला आहे. तो वरवर पटण्यासारखा असला तरी उलटा आहे. नक्कल करणाऱ्याला खऱ्या संकेतस्थळावर काय आहे याच्याशी कर्तव्य नसते. तो आपल्या बनावट पानावर डेबिट कार्डाचा क्रमांक, पिन आणि ओटीपी टाकण्याची चौकट स्वतः तयार करतो. उलट ज्या बँकेच्या खातेदारांना आपल्या बँकेत इंटरनेट बँकिंग आहे की नाही हेच ठाऊक नसते, ते अशा पानाला लवकर बळी पडतात. शिवाय तक्रारीसाठी बँकेचा दूरध्वनी क्रमांक इंटरनेटवर शोधण्याची सवय आता खेड्यापाड्यांतही रुळली आहे आणि शोधात बनावट क्रमांक वर येतात, हे वेगळे सांगायला नको. अशा वेळी खरा क्रमांक जेथे नक्की सापडेल अशी एक निःसंशय जागा असणे, हेच फोटो आणि व्याजदरांच्या त्या साध्या पानाचे मोठे काम आहे.

डीएनएसबद्दल थोडक्यात लिहितो. आपण टाइप केलेल्या नावावरून सर्व्हरचा क्रमांक शोधून देणारी ही यंत्रणा मुळात विश्वासावर चालत आली. खोटे उत्तर घुसवून खरा पत्ता टाइप करणाऱ्यालाही भलतीकडे नेता येते, हे डॅन कामिन्स्की या संशोधकाने २००८ साली दाखवून दिले. त्यावर उपाय असलेली डीएनएससेक ही सहीची पद्धत २०१० साली मूळ यंत्रणेत लागू झाली. अमेरिकेतील '.बँक'साठी ती सक्तीची आहे. आपल्या बँकांनी संगणक सेवा पुरवणाऱ्या कंपनीला ती चालू आहे का, एवढे लेखी विचारले तरी पुरे.

जुन्या पत्त्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र एवढ्यावर सुटत नाही. नवे डोमेन मिळाले म्हणून जुन्या '.कॉम'चे वार्षिक शुल्क भरणे बंद करण्याचा मोह काटकसरी संचालक मंडळाला होऊ शकतो. तसे झाल्यास ठरावीक मुदतीनंतर ते नाव पुन्हा विक्रीला येते आणि पासबुकांवर, चेकबुकांवर, दिनदर्शिकांवर, पावत्यांवर वर्षानुवर्षे छापलेला बँकेचा पत्ता कोणा परक्याच्या मालकीचा होतो. त्याला बनावट नाव शोधण्याचीही गरज उरत नाही. त्याहून वाईट म्हणजे जुन्या डोमेनवरचे ईमेलही त्याच्याकडे जाऊ लागतात. कर खाते, विमा कंपनी, सॉफ्टवेअर पुरवठादार अशा ठिकाणी बँकेने पूर्वी तोच ईमेल नोंदवलेला असेल, तर 'पासवर्ड विसरलो' म्हणून आलेले पत्रही नव्या मालकाच्या हाती पडते. म्हणून जुने नाव पुढील अनेक वर्षे आपल्याच ताब्यात ठेवून तेथे येणाऱ्याला नव्या पत्त्यावर वळवत राहणे आणि दरम्यान सर्व ठिकाणच्या ईमेल नोंदी एकेक करून बदलून घेणे अत्यावश्यक आहे. याचा वर्षाचा खर्च एखाद्या सत्कार समारंभातील शाल-श्रीफळांहून अधिक होणार नाही.

सीमाभागातील वाचकांसाठी या नव्या डोमेनचा आणखी एक उपयोग आहे आणि माझ्या मते तो सर्वांत मोलाचा आहे. सहकाराची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. १९०४ च्या कायद्यानंतर १९०५ साली, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील आणि आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे सिद्धनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी देशातील आरंभीची सहकारी पतसंस्था उभी केली. आज आपल्या बाजारपेठांत एकाच गल्लीत नागरी सहकारी बँक, पतसंस्था, १९९७ च्या कर्नाटक कायद्याखालील सौहार्द सहकारी आणि २००२ च्या केंद्रीय कायद्याखालील मल्टिस्टेट सोसायटी अशा चार प्रकारच्या पाट्या लागलेल्या दिसतात. काउंटर सारखे, पासबुक सारखे, पिग्मी, म्हणजे रोजची लहान बचत, गोळा करणारा एजंटही तसाच. बोलताना आपण चौघींनाही 'बँक'च म्हणतो. कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यात मोठे अंतर आहे. रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या बँकेतील ठेवींना ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून त्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपये आहे. सोसायटीतील ठेवींना ते नाही. सहकारी सोसायट्यांनी आपल्या नावात 'बँक' हा शब्द वापरू नये, हे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर निवेदन काढून पुन्हा बजावले, तरी बोलीतला आणि जाहिरातीतला सैलपणा गेलेला नाही.

सोसायट्यांना येथे कमी लेखण्याचा हेतू नाही. अनेक सोसायट्या चोख कारभार करतात आणि ज्याला कोणी दारात उभे करीत नाही अशा माणसाला कर्ज देतात. परंतु ठेव कोठे ठेवतो आहोत, हे ठेवीदाराला कळलेच पाहिजे. '.बँक.इन' सोसायटीला मिळू शकत नाही, त्यामुळे पावतीवर छापलेला पत्ता हीच साध्या माणसाला करता येण्याजोगी पहिली चाचणी झाली आहे. पत्ता तसा असेल तर संस्था परवानाधारक बँक आहे. नसेल तर विमा संरक्षणाबद्दल तोंडी नव्हे, लेखी विचारणा करावी. अर्थात पावतीवरची अक्षरे कोणीही छापू शकतो, तेव्हा तो पत्ता स्वतः एकदा मोबाइलवर उघडून पाहावा. बँकेतर वित्तीय संस्थांसाठी '.फिन.इन' हे वेगळे डोमेन पुढे आणण्याचा मनोदय रिझर्व्ह बँकेने त्याच फेब्रुवारीच्या निवेदनात व्यक्त केला होता. सोसायट्यांनी तोवर निदान 'बँक' या शब्दाशी खेळणारे डोमेन घेऊ नये.

या सुरक्षित पत्त्याने फसवणूक थांबेल असा माझा दावा नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेल्या हल्ल्यात ९४ कोटींच्या आसपास रक्कम गेली, ती एटीएम व्यवहारांच्या स्विच यंत्रणेत शिरकाव करून. जुलै २०२४ मध्ये एका सेवा पुरवठादार कंपनीवर रॅन्समवेअरचा (संगणक अडवून खंडणी मागणाऱ्या प्रणालीचा) हल्ला झाला आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या जवळपास ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार काही काळ तोडावे लागले. यांपैकी कोठेही डोमेनचा प्रश्न नव्हता. व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या एपीके फाइली (मोबाइलमध्ये परके अॅप बसवणाऱ्या) आणि पोलीस असल्याची बतावणी करणारे फोन, यांनाही कोणता पत्ता अडवणार? त्यासाठी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक आणि पहिल्या तासाभरात तक्रार करण्याची तत्परता लागते. डोमेन एकाच प्रकारची चोरी अवघड करते, ती म्हणजे बँकेच्या नावाची. लहान बँकेजवळ नावाखेरीज दुसरे मोठे भांडवल असते, असे मला वाटत नाही.

राहिला प्रश्न सभासदाला सांगण्याचा. पत्ता रोमन अक्षरांत आहे आणि तो वाचणारे पुष्कळ सभासद मराठी किंवा कन्नड वाचणारे आहेत. म्हणून पत्ता मोठ्या रोमन अक्षरांत आणि त्याखाली 'टिंब कोठे आहे ते पाहा' हा खुलासा मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत, असा फलक प्रत्येक शाखेत काउंटरच्या काचेवर लागला पाहिजे. भाषेचा वाद येथे आणण्याचे कोणाला कारण नाही. त्याहून परिणामकारक साधन म्हणजे पिग्मी एजंट. खडेबाजारातल्या दुकानदाराला बँकेचे परिपत्रक वाचायला फुरसत नसते, पण रोज संध्याकाळी येणाऱ्या एजंटाशी तो दोन शब्द बोलतोच. एजंटाच्या पावतीवर नवा पत्ता छापला आणि त्याला तो समजावून सांगायला शिकवले, तर महिनाभरात जेवढे लोक शहाणे होतील, तेवढे वर्तमानपत्रातील जाहिरातीने होणार नाहीत.

वार्षिक सर्वसाधारण सभांमध्ये ताळेबंद आणि लाभांशावर पुष्कळ बोलले जाते. येत्या सभेत विचारण्यासाठी मी माझ्या बँकेला तीन प्रश्न लेखी देणार आहे. जुने डोमेन कोणत्या वर्षापर्यंत नोंदवून ठेवले आहे? डीमार्क तीनपैकी कोणत्या पायरीवर आहे? आणि संचालक मंडळातील किती जण अजूनही बँकेचा पत्रव्यवहार खासगी ईमेलवरून करतात? सभेपूर्वी मुदतीत दिलेल्या लेखी प्रश्नांना उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा इतर बँकांच्या सभासदांनीही आपापल्या कार्यालयात ते पोहोच घेऊन द्यावेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एका नागरी सहकारी बँकेचा सभासद
शहापूर, बेळगाव